पाहणीची हद्द

भोरजवळच्या भाटघर धरणाची आजची भिंत १९२८ मध्ये पुरी झाली. भोर तेव्हा पंतसचिवांचं संस्थान. धरण मात्र मुंबई सरकारचं, गव्हर्नर लॉइड यांच्या नावाचं. त्याच परिसरात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेलं एक लहान धरण होतं, त्याची जागा या मोठ्या धरणाने घेतली. येळवंडीचं अडवलेलं सुमारे साडेतेवीस टीएमसी पाणी नीरेत उतरतं आणि डाव्या-उजव्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसकडे जातं. बुडालं ते संस्थानात, भिजलं ते बरंचसं खालसा मुलखात. पुढे वेल्ह्यात (या तालुक्याचं नाव आता राजगड झालं आहे) पानशेत, वरसगाव आणि गुंजवणी, आणि भोरमध्ये नीरा-देवघर अशी धरणं झाली. भाटघर धरून पाचांची मिळून साठवण ६० टीएमसीच्या घरात जाते. २०११च्या जनगणनेत, यांपैकी तीन धरणं असलेल्या वेल्ह्याची लोकसंख्या होती जेमतेम ५४ हजार. एवढ्या थोड्या माणसांच्या उंबऱ्यावरून एवढं पाणी बाहेर जातं हा अर्थशास्त्राचा विषय आहे, यावर दुमत होणार नाही. कोणत्या अर्थशास्त्राचा, एवढं विचारलं की वाद सुरू होतो.

विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात मागणी, पुरवठा, सीमान्त खर्च यांना सगळी वर्षं मिळतात. मार्क्सला मिळतं ‘आर्थिक विचारांचा इतिहास’ या विषयातलं एक प्रकरण, रिकार्डो आणि मार्शल यांच्या मध्ये कुठेतरी; म्हणजे संग्रहालयातली एक काचपेटी. दुसरीकडे चळवळींच्या अभ्यासवर्गात ‘भांडवल’चा पहिला खंड मन लावून वाचला जातो आणि सीमान्त उपयोगितेचं नाव निघालं की मंडळी हसतात. भांडवलशाहीची मूलगामी टीका आणि प्रस्थापित अर्थशास्त्र ही दोन्ही एकत्र शिकवावीत, असं माझं म्हणणं आहे. पण ‘एकत्र’ म्हणजे अर्धं वर्ष हे आणि अर्धं वर्ष ते असं नव्हे. दोघांनाही एकाच जागेवर, एकाच पुराव्यासमोर उभं करावं आणि दोघांनाही हरता येईल अशी व्यवस्था असावी. भोर-वेल्हे ही त्यासाठी सोयीची जागा. इथे मी दोन कल्पित माणसांना बोलायला बसवतो: भोरला अर्थशास्त्र शिकवणारे सर, आणि वेल्ह्यात धरणग्रस्तांचं काम करणाऱ्या ताई. माणसं कल्पित असली तरी त्यांचे युक्तिवाद छापील आणि जुने आहेत.

सर : “ताई, आपण कालव्याच्या टोकाकडून सुरुवात करू. १८७६-७७च्या दुष्काळानंतर नीरेचा डावा कालवा निघाला तो धान्य पिकावं, माणसं जगावीत म्हणून. कालवा झाला आणि शेतकरी पाणीच घेईनात. पाऊस बरा झाला तर ज्वारी तशीही येते, मग पट्टी कशाला भरायची? मग ऊस आला. त्याला बारमाही पाणी लागतं, खत लागतं, गुंतवणूक लागते, पण पैसा त्यातच होता. सासवडकडचे माळी खंडाने जमिनी घेत कालव्यामागे गेले आणि १९३०च्या दशकात माळीनगरला त्यांनी स्वतःचा साखर कारखाना उभा केला. विश्वेश्वरय्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच कालव्यावर ब्लॉक पद्धत बसवली. काही वर्षांच्या पाण्याची खात्री मिळाल्यावर शेतकरी जमिनीत पैसा घालू लागला. हुकूम कोणी सोडला नव्हता. किंमत आणि खात्री या दोन गोष्टींनी दुष्काळी पट्टा पालटला. आणि तुमच्या पुस्तकाचं भाकीत काय होतं? शेतीत भांडवल आलं की मोठे आणखी मोठे होणार, लहान भूमिहीन होणार. डोनाल्ड ॲटवुड नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने डाव्या कालव्यावरच्या एका गावात राहून सुमारे ५० वर्षांच्या जमिनीच्या नोंदी घरवार तपासल्या. मोठ्या खातेदारांची जमीन घटलेली निघाली आणि लहानांपैकी बरेच वर चढलेले निघाले. १९७९च्या त्याच्या लेखाचा प्रश्नच होता की गरिबांपैकी काही जण श्रीमंत का होतात. पुढे १९९२ मध्ये त्याने यावर पूर्ण पुस्तक लिहिलं. आता सांगा, ध्रुवीकरण कुठे गेलं?”

मार्क्सवादाच्या कुठल्याही अभ्यासवर्गात ॲटवुडचं काम सक्तीचं असावं. ‘परदेशी माणूस, एकच गाव’ असं म्हणून ते उडवून लावता येत नाही. ५० वर्षांच्या नोंदी घेऊन बसणारे अभ्यासक डाव्या बाजूलाही फार नाहीत. सिद्धान्ताने विशिष्ट जागी, विशिष्ट काळात काय घडेल ते सांगितलं होतं आणि तसं घडलं नाही, हा पराभव आहे. त्याची कारणं शोधता येतात: वारसांमध्ये होणाऱ्या वाटण्या, कूळकायदा, सहकारी कारखान्यामुळे लहान शेतकऱ्यालाही भागधारक होता येणं. पण कारणं शोधण्याआधी पराभव मान्य करावा लागतो. ताई तो मान्य करतात, आणि मग वेगळ्याच जागी बोट ठेवतात.

ताई : “सर, ॲटवुडने पाहिलं ते खरंच पाहिलं. मी फक्त विचारते, त्याचं गाव कुठलं? कालव्याखालचं. भाटघरच्या पाण्यात ज्यांची खाचरं गेली त्यांची घरं त्या तक्त्यात का नाहीत? पाणी तेच, नदीचं खोरं तेच, हिशेबाची वही मात्र भिंतीच्या पायथ्याला उघडते. वर नदीकाठची भाताची जमीन गेली आणि वाट्याला राहिली डोंगरउतारावरची वरकस, नाचणी-वरईची. मार्क्सने पहिल्या खंडाच्या शेवटाकडे याच प्रश्नाला हात घातला. सुरुवातीचं भांडवल कुठून आलं, तर कोणा पूर्वजाने काटकसर केली म्हणून, अशी गोष्ट त्या काळचे अर्थशास्त्रज्ञ सांगत. त्याचं म्हणणं, आधी माणसाला जमिनीपासून वेगळं काढावं लागतं, नंतर बाजार सुरू होतो. हे बघायला इंग्लंडला जायला नको. शेजारच्या मुळशीत १६ एप्रिल १९२१ला, रामनवमीच्या दिवशी, टाटांच्या वीजधरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट सगळ्यांना आठवतात. पण राजेंद्र व्होरांनी त्या लढ्याचा इतिहास लिहिला त्यातलं एक दुखणं कमी आठवतं. जमिनी ज्यांच्या नावावर होत्या ते अनेक सावकार पुण्यात राहत होते आणि ते भरपाईला राजी झाले. कसणाऱ्या मावळ्यांना त्या व्यवहारात जागाच नव्हती. भरपाई मालकीला मिळते. कसण्याला मिळत नाही. तुमच्या भाषेत तो सौदा दोन्ही बाजूंच्या संमतीने झाला.”

या दोघांचं भांडण वस्तुस्थितीबद्दल आहे असं वाटतं, पण वस्तुस्थितीवर त्यांचं एकमत आहे. भांडण आहे पाहणीची हद्द कुठे आखायची याचं. पुण्याच्या गोखले संस्थेतून धनंजयराव गाडगीळांनी १९४८ मध्ये गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या आर्थिक परिणामांचा जो अहवाल प्रसिद्ध केला, तो या देशातल्या सिंचनाच्या अर्थशास्त्राचा एक पाया मानला जातो. प्रत्यक्ष लाभांबरोबर अप्रत्यक्ष लाभही मोजावेत, ही त्या पाहणीची मोठी दृष्टी. ती नावाप्रमाणेच लाभांची पाहणी होती. गाडगीळांना वरच्या माणसांची पर्वा नव्हती असं म्हणणं अडाणीपणाचं ठरेल. कालवा स्वतःचा खर्च भरून काढतो का, हा त्या काळाचा प्रश्न होता, आणि पाहणी विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर देते. अडचण पुढे होते. लाभक्षेत्राची हद्द एकदा रूढ झाली की विद्यार्थ्याला ती निसर्गानेच आखल्यासारखी वाटू लागते. उलट बाजूने धरणग्रस्तांवरचे अभ्यास बुडीत क्षेत्राच्या रेषेवर सुरू होतात आणि भिंतीपाशी संपतात. पाणी भिंतीच्या बाहेर पडलं की अभ्यासकाची नजर त्याच्यामागे जात नाही. इंदापूरच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या नातवंडांनी कालव्यावर काय मिळवलं, ते त्या पानांत येत नाही. आणि दोन्ही हद्दींच्या बाहेर एक तिसरा माणूस आहे. बीडकडून मुकादमाची उचल घेऊन टोळीबरोबर आलेला ऊसतोडणीचा मजूर, ज्याची गणना माणसात न होता ‘कोयत्या’त होते. कालव्याखालच्या गावात त्याच्या नावावर जमीन नाही, म्हणून ॲटवुडच्या नोंदींत तो नाही. त्याचं काही बुडालं नाही, म्हणून ताईंच्या मोर्चातही नाही.

प्रस्थापित अर्थशास्त्राकडे या हद्दीच्या प्रश्नासाठी एक हत्यार आहे. १९३९ मध्ये कॅल्डोर आणि हिक्स यांनी एक कसोटी मांडली: ज्यांचा फायदा झाला त्यांनी तोटा झालेल्यांना पूर्ण भरपाई दिली असती आणि तरीही त्यांच्याकडे काही उरलं असतं, तर बदल समाजाच्या हिताचा मानावा. भरपाई खरोखर दिलीच पाहिजे असं कसोटी म्हणत नाही. धरणांच्या लाभ-खर्चाचे तक्ते याच तर्कावर उभे असतात. मूलगामी टीकाकार नेमका त्या ‘दिली असती’पाशी येऊन बसतो: दिली का? कोणी? कोणाच्या हातात? मौज अशी, की हीच शंका मुख्य प्रवाहातल्या लिटलने १९५० मध्ये सविस्तर लिहून ठेवली आणि अमर्त्य सेन यांनीही ती पुढे नेली. बी.ए.च्या पुस्तकात कसोटी आली आणि शंका गळाली. म्हणजे विद्यार्थ्याला मार्क्स मिळत नाही हे अर्धं दुखणं. त्याला मुख्य प्रवाहही पुरता मिळत नाही. शेजारी टीकाकार बसलेला असला की गाळलेली पानं परत आणावी लागतात.

सरांचा पुढचा मुद्दा सगळ्यात जड आहे. “पानशेत कोणाच्या नफ्यासाठी बांधलं, ताई? पुण्याच्या नळासाठी आणि खालच्या शेतीसाठी. काळ पंचवार्षिक योजनांचा, भाषा समाजवादाची. वेल्ह्याची गावं उठली ती सरकारी आदेशाने. तिथे कारखानदार नव्हता, शेअर बाजार नव्हता. रशियाने व्होल्गेवर तेच केलं. चीनने यांगत्सेवर थ्री गॉर्जेस धरणासाठी दहा लाखांहून जास्त माणसं हलवली. मग तुम्ही ज्याला भांडवलशाहीचा गुण म्हणता तो सत्तेचा गुण निघाला. जिथे थोडी आणि गरीब माणसं राहतात तिथली जमीन स्वस्त पडते, राज्य कोणाचंही असो.” याला सोपं उत्तर नाही, आणि ताईही ते देत नाहीत. भांडवलशाही हे विस्थापनाचं पुरेसं कारण नाही, हे त्यांना मान्य करावं लागतं. त्या एवढंच म्हणतात, की कारण पुरेसं नसलं तरी खुणा राहतात: गावं उठवली राज्याने, पण पाण्याचा हक्क चिकटला खालच्या जमिनीला, जमिनीतून तो उसाला गेला, उसातून कारखान्याला आणि कारखान्यातून सत्तेला. कृषी मूल्य व खर्च आयोगाने नोंदवलं होतं की महाराष्ट्रात लागवडीच्या चार टक्क्यांहून कमी क्षेत्रावरचा ऊस सिंचनाचं जवळपास ७० टक्के पाणी घेतो. सर यावर पाणीपट्टीच्या दराचं कोष्टक काढतील: पट्टी क्षेत्रावर आकारली, घनमीटरवर आकारली नाही, की पाणी वाचवण्याचं कारणच उरत नाही. बरोबर. मात्र दर चुकीचा आहे हे सगळ्यांना ठाऊक असताना तो वर्षानुवर्षं तसाच का राहतो, याचं उत्तर त्या कोष्टकात नाही. ते शोधायला कारखान्याच्या संचालक मंडळाकडे आणि मतदारसंघाकडे पाहावं लागतं. (जाता जाता: १२ जुलै १९६१ ही तारीख पुण्यात अजून निघते, कारण पानशेत फुटलं आणि शहरात पूर आला. त्याच धरणाच्या पाण्यात गेलेल्या गावांना अशी तारीख नाही. पाणी तिथे सावकाश चढलं.)

मग लवासा. वरसगावच्या जलाशयाकाठी, मुळशी आणि वेल्हे तालुक्यांतल्या गावांत, २००१च्या अधिसूचनेनंतर गिरिस्थान म्हणून शहर उभं राहू लागलं. २०१०च्या नोव्हेंबरमध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवायला सांगितलं. २०१८ मध्ये ते उभारणारी कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. सरांना यात बाजाराचा विजय दिसतो: जमीन बहुतेक खरेदीने घेतली, भूसंपादनाने नाही, आणि हिशेब चुकला तेव्हा बाजाराने शिक्षाही केली. ताईंचा प्रश्न असा, की विकणाऱ्याला डोंगर दिसत होता आणि घेणाऱ्याला नकाशा दिसत होता, तर त्या किमतीला बाजारभाव म्हणायचं का? आणि तळ्याकाठच्या जागेला किंमत आली ती तळ्यामुळे; तळं झालं ते शेजाऱ्यांची गावं बुडवून. त्या वाढीव किमतीतला कोणता वाटा बुडालेल्यांकडे आला? शिक्षा झाली ती भागधारकांना आणि बँकांना, जमीन काही परत गेली नाही. या फेरीत मला सर हरलेले दिसतात. माहिती विषम असली की बाजार फसतो, हे मुख्य प्रवाहाचंच प्रमेय आहे आणि त्यावर नोबेल दिलं गेलं आहे. पण ते प्रमेय आपल्या तालुक्यातल्या खरेदीखताला लावून बघण्याची सवय मुख्य प्रवाहाने लावली नाही.

ती सवय अशक्य नाही, याचा पुरावा पुण्यातच आहे. वि. म. दांडेकर आणि खुदनपूर यांनी १९४८च्या मुंबई कूळकायद्याच्या अंमलबजावणीची पाहणी करून १९५७ मध्ये अहवाल दिला. कागदोपत्री असंख्य कुळांनी जमीन ‘आपखुशीने’ सोडली होती. पाहणीला त्या खुशीवर विश्वास ठेवायला जागा सापडली नाही. दांडेकर मार्क्सवादी नव्हते. पुढे त्यांनी शेतकरी आणि कामगार यांच्या युतीच्या मार्क्सवादी कल्पनेची चिरफाडही केली. नमुना पाहणी आणि कोष्टकं हीच त्यांची हत्यारं. पण प्रश्न त्यांनी असा विचारला जो सहसा टीकाकार विचारतात: ही संमती कोणाची, आणि नाही म्हटलं असतं तर काय झालं असतं?

“मार्क्सचं मूल्याचं गणित जुळत नाही हे शंभर वर्षांपूर्वीच दाखवून दिलं आहे,” सर म्हणतील, “आणि १९९१ मध्ये सोव्हिएत संघाबरोबर उरलेलंही संपलं. भूगोलाच्या तासाला सपाट पृथ्वी शिकवायची का?” आक्षेप खरा आहे, पण तो नेमक्या एका भागापुरता खरा आहे. श्रममूल्याचा सिद्धान्त किंमत ठरवायला अपुरा पडतो हे शिकवावंच. तरीही टीकेतून निघालेले प्रश्न सिद्धान्तापेक्षा जास्त टिकले. अमित भादुरी यांनी १९७३ मध्ये लिहिलं की मालकच सावकार असेल, तर नवं बियाणं येऊ न देण्यात त्याचा स्वार्थ असू शकतो. कूळ सुधारलं की कर्जाचं व्याज बुडतं. त्यावर मुख्य प्रवाहातून कडक टीका झाली आणि भादुरींचा निष्कर्ष सर्वत्र लागू पडत नाही हे दिसलं. पण त्या टीकेच्या ओघातच जमीन, कर्ज आणि मजुरी यांचे करार एकमेकांत गुंतलेले असतात असं सांगणारं नवं साहित्य उभं राहिलं. बर्धन आणि स्टिग्लिट्झ यांची नावं त्यात येतात. आज उचल घेतलेल्या ऊसतोड मजुराचा करार समजून घ्यायचा तर हेच साहित्य लागतं. टीकाकाराचं उत्तर चुकलं, प्रश्नाने मात्र शास्त्र वाढवलं.

आणि महाराष्ट्रात तर ही दोन तोंडं पहिल्यापासून एकत्र आहेत. १८४१ मध्ये भास्कर तर्खडकरांनी इंग्रजी राजवटीत देशाची संपत्ती कशी बाहेर चालली आहे हे वृत्तपत्रातल्या पत्रांतून मांडलं. १८४९ मध्ये लोकहितवादींनी ‘लक्ष्मीज्ञान’ लिहून इंग्रजी अर्थशास्त्र मराठीत आणलं. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजात व्याख्यान दिलं ते याच मुद्द्यावर, की इंग्लंडात तयार झालेले नियम सगळ्या देशांना तसेच लागू पडत नाहीत. त्याआधी जोतीरावांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये कुणब्याच्या दारिद्र्याचा हिशेब सरकारी पट्टीपासून भटशाहीपर्यंत नेला होता. बाबासाहेबांनी १९१८ मध्ये लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. त्यात जेव्हन्स आहे आणि हॅरॉल्ड मान आहेत, भाषा उत्पादन घटकांच्या प्रमाणाची आहे, आणि निष्कर्ष असा की तुकडे जोडून काही साधणार नाही, शेतीवरची जास्तीची माणसं उद्योगाकडे गेली पाहिजेत. वेल्ह्याची तरणी पोरं पुण्या-मुंबईला जातात त्याला बाबासाहेबांचा निबंध एक अर्थ देतो आणि मार्क्सची ‘राखीव फौज’ दुसरा. शरद जोशींनी शेतीतून वरकड ओढून उद्योग उभा राहतो हा मुद्दा रोझा लक्झेंबर्गसारख्या मार्क्सवाद्यांकडून घेतला आणि त्यावर खुल्या बाजाराचं आंदोलन उभारलं. या माणसांना दोन दप्तरं लागली नाहीत.

ताईंच्या बाजूचा आक्षेप वेगळा आहे आणि तो क्वचितच ऐकून घेतला जातो. “शेजारी बसवलं की टीका माणसाळते, सर. तुम्ही आम्हाला एक प्रकरण द्याल, वीस गुणांचा प्रश्न द्याल आणि म्हणाल, बघा, दोन्ही बाजू शिकवल्या. मार्क्स जगाचा अर्थ लावायला बसला नव्हता, ते बदलायला बसला होता.” भीती रास्त आहे. दोन्ही बाजू मांडून निकाल न देणं ही शिक्षकांची आवडती पळवाट आहे. माझं उत्तर एवढंच, की बदलायला निघालेल्यालाही तपशिलात पडावं लागतं. बाबा आढावांसारख्यांच्या धरणग्रस्तांच्या चळवळीने ‘आधी पुनर्वसन, मग धरण’ ही मागणी केली आणि १९७६ मध्ये महाराष्ट्राने पुनर्वसनाचा कायदा केला. त्यातली मुख्य कल्पना अशी, की लाभक्षेत्रात ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त जमीन असलेल्यांनी काही जमीन विस्थापितांसाठी द्यायची. कार्यकर्ते याला ‘स्लॅब’ म्हणतात. ही कॅल्डोर-हिक्सची भरपाईच आहे, फक्त ‘दिली असती’ काढून ‘द्या’ घातलेली. बुडीत आणि लाभ एका कायद्यात, एका हद्दीत आले. मागणी मोर्चातून आली. किती एकरांवर किती द्यायचं हे मात्र कोणाला तरी गणित करून ठरवावं लागलं. २०१३च्या भूसंपादन कायद्यात ग्रामीण जमिनीला बाजारभावाच्या चौपटीपर्यंत मोबदला, खासगी प्रकल्पाला ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती आणि सामाजिक परिणामांची पाहणी आली, तीही या दोन्ही घराण्यांची संतती आहे. त्यातली ‘बाधित कुटुंबं’ ही व्याख्या कसणाऱ्यालाही आत घेते. १९२१च्या मुळशीत ती नव्हती.

भोरच्या शेजारी पुरंदरमध्ये नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७०च्या दशकात पाणी पंचायत सुरू केली. पाणी जमिनीच्या मापाने द्यायचं नाही, घरातल्या माणसांच्या मापाने द्यायचं, माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही वाटा, ऊस नाही, आणि खर्चाचा पाचवा भाग लाभार्थ्यांनी आधी भरायचा. सरांना शेवटचा नियम आवडतो, कारण फुकट पाणी वाया जातं. ताईंना भूमिहीनाचा वाटा आवडतो, कारण मालकी आणि हक्क यांची गाठ तिथे सुटते. पण नियम एकमेकांशिवाय उभे राहत नाहीत. पैसे भरल्याशिवाय वाटा टिकत नाही, आणि वाटा नसेल तर भूमिहीन पैसे का भरील? पाणी पंचायत मोठ्या कालव्यांवर कधी गेली नाही. का गेली नाही, हे विचारताना सर पंपाच्या खर्चाकडे आणि देखरेखीच्या अडचणींकडे जातील, ताई कारखान्याकडे. या ठिकाणी दोघांपैकी कोणाचं स्पष्टीकरण जास्त टिकतं हे मला अजून ठरवता आलेलं नाही, आणि विद्यार्थ्यांना द्यायला यापेक्षा चांगलं काम मला सुचत नाही.

परीक्षेचा आक्षेप उरतो: भोरच्या पोरांना स्पर्धा परीक्षा द्यायच्या आहेत, बँकेत लागायचं आहे, दोन शास्त्रं शिकायला वेळ कुठे आहे? वेळ वाचवायचा तर एकच प्रश्न नीट विचारावा. सर तो असा काढतात: नीरा खोऱ्यातल्या एका धरणाचे लाभ आणि खर्च काढा, तुम्ही हद्द कुठे आखली ते लिहा, ती हद्द दोन्ही बाजूंना एकेक गाव सरकवली तर उत्तर किती बदलतं ते दाखवा. ताईंना प्रश्न पसंत आहे, पण त्या वर्षावर अडतात. सर १९२८ पासून मोजायला सांगतात, कारण तिथून पुढचा हिशेब कागदावर सापडेल. ताई म्हणतात, कागदावर खातेदार सापडतील, कसणारे नाही. ते हवे असतील तर उठून गेलेल्या वाड्यांतल्या म्हाताऱ्यांना विचारावं लागेल. “ऐकीव गोष्ट पुरावा कशी होईल?” “ॲटवुडही गावात बसून विचारतच होता ना, सर.” “विचारत होता, आणि नोंदींशी ताडून बघत होता.” “मग पोरंही ताडतील. नोंद आणि सांगणं जिथे जुळत नाही, त्या जागेला वीसपैकी दहा गुण ठेवा.” सर सहाच्या वर जायला तयार नाहीत.